शेवटच्या गाडीचा आरसा

टण्ण!

दुपारची वेळ. माझी लेक मिन्का नुकतीच झोपली होती. घर इतकं गप्प होतं की फ्रिजनंही श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. उठून बघायची गरज नव्हती, आमच्या घरात असा बोलणारा डबा एकच. त्याच्या झाकणाला पोचा आलाय, त्यामुळे ते आधी रुसून बसतं आणि मग एकदम सुटतं. म्हणजे माझी आई मागच्या दारानं आली होती आणि कुणाला न विचारता टोस्ट खात उभी होती.

“झोपली का गं ती?” आईनं डोकावून विचारलं.

“झोपली होती.”

“मग बरंय,” असं म्हणून आईनं आणखी एक टोस्ट उचलला, झाकण पुन्हा टण्णकन बसवलं आणि आली तशी निघून गेली. मिन्कानं नशिबानं नुसती कूस बदलली.

हा डबा हत्तिणीतला. हत्तीण म्हणजे आमच्या बाबांची गाडी. रंगानं करडी, पाण्यासारखं डिझेल पिणारी आणि मनात नसेल तर जागची न हलणारी. बाबा गेले, मग हत्तीण गेली, डबा राहिला. टोपलीत ओले कपडे तसेच पडले आहेत आणि मी ते वाळत घालायचे सोडून हे लिहायला बसले आहे, ते त्या आवाजामुळे. मिन्का उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं.

आमच्या क्लेर्क्सडॉर्पसारख्या दक्षिण आफ्रिकन गावात जुलैच्या ऐन हिवाळी सुट्टीत माणसं दोनच गोष्टी करतात. एक, थंडीनं कुडकुडत घरी बसून शेजाऱ्यांना नावं ठेवतात. दोन, त्याच शेजाऱ्यांना बरोबर घेऊन गाड्यांचा ताफा काढतात आणि सीमेपलीकडे बोट्स्वानात जाऊन कुडकुडतात. माझं सगळं लहानपण दुसऱ्या गटात गेलं. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेली मी, खिडकीच्या फटीतून येणारी धूळ, पहाटे निखाऱ्यावर उकळलेल्या कॉफीत बुडवलेला घरचा टोस्ट आणि गाडीगाडीत बोलायच्या रेडिओवरचा बाबांचा आवाज. आणि प्रवासाच्या शेवटी ते मिठाचं मैदान. पांढरं, सपाट, इतकं मोठं की तिथं उभं राहिलं की आपण कुणाचं काही देणं लागत नाही असं वाटायचं.

सगळा ताफा बाबाच जमवायचे, पण कधी पुढे राहायचे नाहीत. “पुढे जायला कुणीही तयार असतं,” ते म्हणायचे. त्यांची गाडी कायम शेवटची. कच्च्या रस्त्यावर एवढी धूळ उडते की गाड्यांना एकमेकींपासून लांब राहावं लागतं, पुढची मागचीला दिसतसुद्धा नाही. म्हणून बाबांचा एकच नियम होता: वळणावर थांबायचं, मागची गाडी आरशात दिसली की मगच निघायचं. आणि वाटेतल्या शेतांच्या प्रत्येक फाटकातून हत्तीण बाहेर पडली की रेडिओवर बाबांचा आवाज यायचा, “शेवटची गाडी फाटकाबाहेर. सगळे आहेत.” ते शेवटचे दोन शब्द ऐकू आले की पुढच्या गाड्या हलायच्या. मीसुद्धा बहुतेक वेळा ते दोन शब्द ऐकूनच झोपायचे.

बाबा गेले तेव्हा मिन्का चार वर्षांची व्हायची होती. ओपा, म्हणजे तिचे आजोबा, कुठे आहेत असं ती दिवसातून दहादा विचारायची. एकदा मी भांडी घासता घासता सांगून टाकलं, “ओपा मागे राहिले, राणी. आपल्याला पुढे जायचंय.” घाईच्या वेळी आया अशी उत्तरं देतात. मुलं ती जपून ठेवतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मागच्या मे महिन्यात आईनं जाहीर केलं की हत्तीण विकायची. पलीकडच्या तालुक्यातला एक शेतकरी जुलैअखेर न्यायला येणार होता.

“कशाला हवीय त्याला?”

“मेंढ्या न्यायला.”

“मेंढ्या? बाबांच्या गाडीतून?”

“मेंढ्यांना निदान कुठे जायचंय ते माहीत असतं,” आई म्हणाली.

एक सांगते. बाबा गेल्यापासून आईनं त्या गाडीचं दार उघडलं नव्हतं. दर शनिवारी पाइप घेऊन बाहेरून लखलखीत धुवायची, काचा पुसायची, आरसे पुसायची, पण आत बसणं सोडाच, आत डोकावायची नाही. मी म्हटलं, “विकण्याआधी एकदा तिला मिठाच्या मैदानावर नेऊ या. मिन्कानं बघायला हवं. तूही चल.”

“तुम्ही जा. मी त्या गाडीत बसणार नाही.”

मला मिन्काला मैदान दाखवायचं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त मला आईला त्या सीटवर बसलेलं बघायचं होतं, एकदा तरी, मेंढ्या बसायच्या आधी. हे मी कुणाला सांगितलं नाही. जे सांगितलं तेवढ्यानंच पुरेसा गोंधळ झाला.

सांगितलं फक्त टानी मार्थाला (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला टानी म्हणतात, पुरुषाला ऊम), रविवारी चर्चनंतरच्या कॉफीच्या वेळी, तेही कुणाला न सांगायच्या अटीवर. टानी मार्थानं मान डोलावली आणि कप भरायला गेली. ती परत येईपर्यंत माझ्या सहलीत पाच गाड्या होत्या. दुसरा कप संपेपर्यंत नऊ. ज्यांना यायचं नव्हतं त्यांच्याकडे सल्ले होते.

“संत्री नेऊ नकोस. हत्तीला मैलावरून वास येतो.”

“वाळूत टायरची हवा कमी कर.”

“अजिबात करू नकोस. तुझ्या बाबांनी कधी केली नाही.”

“नेहमी करायचे! मी स्वतः पाहिलंय!”

आणि मग दोन सत्तरीचे गृहस्थ चर्चच्या पायरीवर उभे राहून माझ्या वडिलांच्या टायरांवरून भांडू लागले. मला वाटलं, बाबा असते तर कोपऱ्यात उभे राहून मजेत ऐकत बसले असते, आणि शेवटपर्यंत खरं काय ते सांगितलं नसतं.

पुढच्या महिन्यात ताफा जसा वाढला तसाच गळला. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, एकाच्या मेहुण्याचं लग्न निघालं, एकाच्या बायकोनं तंबू बघितला. शेवटी उरलो आम्ही तीन गाड्या. सगळ्यात पुढे टानी मार्थाचा नवरा ऊम डॉल्फ. हे आमच्या शाळेचे निवृत्त सुतारकामाचे मास्तर. सातवीत मी त्यांच्या हाताखाली एक स्टूल बनवलं होतं, ते अजून डुगडुगतं. आणि माझ्याकडे बघताना ऊम डॉल्फना अजून ते स्टूलच दिसतं. मध्ये आमचे शेजारी रा मोडिसे (सेत्स्वाना भाषेत श्रीमान म्हणजे रा, श्रीमती म्हणजे म्मा). ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांची दांडगी नवीकोरी जीप तोवर डांबर सोडून कुठे उतरली नव्हती, आणि तिच्या सीटवरची दुकानातली प्लॅस्टिकची आवरणं त्यांनी अजून काढली नव्हती. तुम्ही बसलात की कर्रर्र, हललात की कर्रर्र. आणि शेवटी हत्तीण, म्हणजे मी.

“कप्तान कोण?” पहिल्या बैठकीत ऊम डॉल्फनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. हेनो गणित शिकवतो. चांगलं शिकवतो. पण त्याला लिफ्टमध्येसुद्धा मळमळतं.

“कप्तान मी आहे,” मी म्हटलं.

“हो हो, म्हणजे खाण्यापिण्याचं तू बघशीलच,” ऊम डॉल्फ मायेनं म्हणाले. “पण गाडी हेनो चालवेल ना?”

“ऊम डॉल्फ, हेनोनं चालवली तर आपण सगळे उलटीच्या पिशव्या घेऊन जाऊ.”

“खरंय ते,” हेनो म्हणाला. लग्नाचा नवरा असावा तर असा. बायकोचा मान राखताना स्वतःचा अजिबात न राखणारा.

कागदपत्रांचं निराळंच. गाडी अजून बाबांच्या नावावर होती. वाहन कचेरीतल्या काचेपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले.

“गाडी देशाबाहेर न्यायची तर मालकाचं परवानगीपत्र लागेल.”

“मालक माझे वडील होते. ते वारले.”

“अरेरे,” त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मग जरा थांबून, “जाण्यापूर्वी त्यांनी काही सही करून ठेवली होती का?”

“त्यांना कल्पना नव्हती.”

“लोक आधी विचारच करत नाहीत,” असं त्या माझ्या मागच्या रांगेला म्हणाल्या, आणि रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. माझ्या वडिलांच्या मरणातला ढिसाळपणा असा चारचौघांत निघालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी वारस म्हणून आईची सही चालेल असं ठरलं. आईनं स्वयंपाकघराच्या टेबलावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “सही केली म्हणजे बसणार असं नाही.”

पण आली. त्याचं श्रेय म्मा मोडिसेंना. त्यांना तंबूत झोपायची भीती वाटत होती आणि नवऱ्याच्या धीरावर त्यांचा विश्वास नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी त्या कुंपणाशी येऊन आईला म्हणाल्या, “तुम्ही सोबत असाल तरच मी येते. सिंह आला तर हे आधी जीपचे दरवाजे बंद करतील, मग मला हाक मारतील.” आईला कुणी सोबतीला बोलावलं की नाही म्हणता येत नाही. ती कर्रर्र करत रा मोडिसेंच्या जीपमध्ये बसली. बाबांच्या गाडीसमोरून मान वळवून गेली, आणि मी रागानं हत्तिणीचा गिअर असा टाकला की चर्चपर्यंत आवाज गेला असेल.

आता सामानाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. आमची माणसं घराबाहेर पडली की आधी मांसाची सोय करतात. मागे राहिली तर मुलं राहतील, मांस नाही. ऊम डॉल्फनी खाटकाकडून आठवडाभराचं मांस दगडासारखं गोठवून आणलं होतं: मेंढीचे चॉप्स, जाडजूड स्टेक, आणि सॉसेजची अशी वेटोळी की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, अजगर आहे. शिवाय स्वतःच्या गाडीत छतापर्यंत काटेरी बाभळीची लाकडं.

“ऊम डॉल्फ, तिकडे जंगल आहे,” हेनो म्हणाला. “लाकडं मिळतील.”

“कसली लाकडं? कुणी वाळवलेली?” ऊम डॉल्फनी विचारलं. गणितात याचं उत्तर नव्हतं.

ज्या देशातलं मांस जगभर विकलं जातं, त्या देशात आम्ही मांस घेऊन निघालो होतो, आणि ते भाजायला लाकडं. यात काही चुकीचं आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मलाही नाही, आणि कप्तान मी होते.

रस्त्यात रेडिओवर रा मोडिसेंनी जीव नकोसा केला. त्यांना रेडिओ नवा होता. “मधली गाडी बोलतेय. मी आता डावा दिवा लावला आहे. बंद केला आहे. डाव्या बाजूला एक गाढव आहे. गाढव गेलं आहे.” मधूनच मागून आईचा आवाज यायचा, “अहो, त्यांना गाढव दिसेल ना!” माझी पाळी फाटकाशी. “शेवटची गाडी फाटकाबाहेर. सगळे आहेत,” मी म्हणायचे, आणि दर वेळी ऊम डॉल्फ पुढून म्हणायचे, “ऐकू आलं नाही. मोठ्यानं!” तिसऱ्या फाटकाशी मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मिन्का दचकून रडायला लागली आणि ऊम डॉल्फ म्हणाले, “ओरडू नकोस गं.”

दुपार कलताना सीमेच्या नाक्यावर पोचलो. शिक्के बसले, मिन्काचा जन्मदाखला पाहून झाला, आईच्या सहीचं कौतुक झालं. मग गणवेशातल्या एक बाई आल्या. धिप्पाड, शांत, हातात हातमोजे. त्यांनी गाडीतल्या फ्रिजचं झाकण उघडलं आणि अजगराकडे पाहिलं.

“कच्चं मांस नेता येणार नाही. तुमच्याकडे लाळ्या-खुरकूत आलाय.”

“हे कधीपासून?” ऊम डॉल्फ.

“मंगळवारपासून.”

“पण आम्ही तर महिन्यापूर्वी ठरवलंय!”

“गुरांना कुणी कळवलं नसेल,” बाई म्हणाल्या. “मांस इथं ठेवा, आम्ही नष्ट करू. किंवा शिजवून आणा. शिजवलेलं चालतं. सहाला फाटक बंद.”

नष्ट हा शब्द ऐकून ऊम डॉल्फचा चेहरा असा झाला, की टानी मार्थानं त्यांचा दंड धरला. मग त्यांनी कप्तान म्हणून माझ्याकडे पाहिलं. पूर्ण प्रवासात पहिल्यांदाच. काही चुकलं की कप्तान कोण ते लोकांना बरोबर आठवतं.

“शिजवू या,” मी म्हटलं.

“सगळं?”

“सगळं.”

आम्ही गाड्या वळवल्या आणि अलीकडच्या काटेरी झाडाखाली, प्रवाशांसाठी केलेल्या सिमेंटच्या टेबलापाशी थांबलो. ऊम डॉल्फनी लाकडं काढली. त्या लाकडांची अब्रू वाचली म्हणायची. जाळ झाला, निखारे झाले, जाळ्या मांडल्या. आमच्याकडे निखाऱ्यापाशी पुरुष उभे राहतात आणि बायका सॅलड करतात, आणि एकाच्या निखाऱ्याला दुसऱ्यानं चिमटा लावायचा नाही. तेव्हा ऊम डॉल्फ एकटे एका चिमट्यानिशी आठवड्याच्या मांसासमोर उभे राहिले. बाई मागोमाग चालत आल्या होत्या, बघायला.

पहिले चॉप्स उतरले. कडेनं खरपूस, आतून गुलाबी. ऊम डॉल्फच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बाईंनी काट्यानं एक उचकटून पाहिला.

“हे कच्चंय.”

“कच्चं? बाई, हे गुलाबी आहे!”

“गुलाबी म्हणजे कच्चं. करडं हवं.”

“करडं?” ऊम डॉल्फनी मला विचारलं, जणू भाषा मला जास्त येते. “ती म्हणतेय करडं. चांगला चॉप करडा करायचा? त्यापेक्षा नष्ट करा! पुरा त्याला! निदान मान राहील!”

“डॉल्फ, वेळ जातोय,” टानी मार्था म्हणाली.

“मी हे करणार नाही. माझ्या हातून होणार नाही.” आणि ते खरंच चिमटा खाली ठेवून सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले, पाठ करून. रा मोडिसे पुढे सरसावले, पण त्यांनी पहिलाच चॉप मातीत पाडला. हेनो धुरानं पांढराफटक पडला होता. सूर्य झाडाच्या बराच खाली आला होता. मला रडू यायला लागलं. मांसाचं नाही. मला दिसत होतं की इथून परतायचं, हत्तीण अंगणात लावायची, आणि आठवड्यानं त्या शेतकऱ्याला किल्ली द्यायची.

तेवढ्यात मागे दार उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. हत्तिणीचं मागचं दार कधी नीट उघडायचंच नाही, त्याला ढोपरानं ढकलावं लागायचं. मी वळले. आईनं ढोपर लावून दार उघडलं होतं. तिनं न बघताच डावीकडच्या कप्प्यात हात घातला आणि बाबांचा लांब दांड्याचा चिमटा काढला.

“सरका,” आई म्हणाली.

“आनेट,” ऊम डॉल्फ बाकावरून म्हणाले, “बायकांचं काम नाही ते.”

“तू बस, डॉल्फ. रुसायचं काम चालू ठेव.”

मी माझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा निखाऱ्यापाशी चिमटा घेऊन उभं असलेलं पाहत होते. आणि तिला सगळं येत होतं. इतकी वर्षं सॅलड कापता कापता ती बघत आली होती. कुठं निखारे पातळ करायचे, कुठं दाट, अजगर कधी पलटायचा. म्मा मोडिसेंनी शेजारी जाळावर भांडं ठेवून मक्याच्या पिठाची घट्ट उकड रटरटवली. वासानं ट्रकवाले गोळा झाले. आईनं त्यांना सॉसेज वाढलं. बाईंना वाढलं. बाई खाता खाता म्हणाल्या, “कडेचं अजून करडं करा.” आई म्हणाली, “तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते,” आणि दोघी हसल्या. आईला हसताना मी किती दिवसांनी पाहिलं कोण जाणे. ऊम डॉल्फसुद्धा हळूहळू बाकावर वळून बसले, आणि थोड्या वेळानं न सांगता लाकडं आणून द्यायला लागले. निखाऱ्यापाशी एका बाईला लाकडं आणून देणारे ऊम डॉल्फ! क्लेर्क्सडॉर्पात अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

सगळं करडं झालं तेव्हा फाटकाशी घंटा वाजायला लागली होती. आता मांस गरम, फ्रिजमध्ये ठेवता येईना. भांडी, पातेली, कागदात गुंडाळलेली वेटोळी, कुठं ठेवायचं हे सगळं? चरबी ठिबकत होती. आणि तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकदमच रा मोडिसेंच्या जीपकडे वळल्या. मागची सीट. प्लॅस्टिक.

“नाही,” रा मोडिसे म्हणाले.

“पुसता येतं,” टानी मार्था म्हणाली.

“ती सीट मी स्वतः अजून नीट वापरली नाही!”

“मग कशासाठी जपून ठेवलीत?” म्मा मोडिसेंनी विचारलं आणि पहिलं पातेलं आत सरकवलं. त्यामागून दुसरं. मग अजगर. कर्रर्र, कर्रर्र. मागची सीट भरली, पाय ठेवायची जागा भरली, आणि आई चिमटा हातात घेऊन तिथंच उभी राहिली. तिच्या जागेवर चॉप्स बसले होते. ऊम डॉल्फच्या गाडीत उरलेली लाकडं होती.

“बाई, बसा!” फाटकावरून आरोळी आली. “बंद करतोय!”

हेनो पुढच्या सीटवरून उतरला, मागे मिन्काशेजारी जाऊन बसला आणि त्यानं मांडीवर पिशवी उघडी धरली. आईनं दोन पावलं टाकली, थांबली. मी समोर बघत राहिले. आत्ता तिच्याकडे बघितलं तर ती बसणार नाही हे मला माहीत होतं. दार उघडलं. सीटची स्प्रिंग कुरकुरली, तिच्या बाजूची, तिच्या वजनाला ओळखणारी. दार बंद झालं.

“या सीटखाली डबा आहे का अजून?” आईनं विचारलं.

“आहे.”

“झाकण पोचलेलं?”

“पोचलेलंच.”

“त्यांनीच आपटलं होतं,” आई म्हणाली. “आणि माझ्यावर ढकललं.”

फाटकाशी बुटांचे तळ औषधाच्या पाण्यात बुडवावे लागले, चाकं पाण्याच्या चरातून न्यावी लागली. हत्तीण चरातून वर आली आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर गच्च. रेडिओ खरखरला. “शेवटची गाडी?” ऊम डॉल्फ विचारत होते. “शेवटची गाडी, आलात का बाहेर?”

आईनं रेडिओ काढला आणि बटण दाबलं.

“शेवटची गाडी फाटकाबाहेर,” आई म्हणाली.

पुढचे दोन शब्द राहिले होते. तिनं बटण दाबूनच ठेवलं. पुढच्या दोन्ही गाड्यांत तेवढा वेळ फक्त हत्तिणीच्या इंजिनाचा आवाज गेला असणार. मग ती म्हणाली, “निघ, डॉल्फ.”

ऊम डॉल्फ एरवी म्हणाले असते, ऐकू आलं नाही, मोठ्यानं. या वेळी त्यांची गाडी नुसती हलली. रा मोडिसेंनीसुद्धा कुठलं गाढव दिसल्याचं कळवलं नाही.

पुढचे दिवस आम्ही तिन्ही वेळा करडं मांस खाल्लं. त्याची चव चपलेसारखी होती आणि ऊम डॉल्फनी प्रत्येक घासाला तसं बोलून दाखवलं. आई माझ्या शेजारी बसून रस्ता सांगायची, बहुतेक वेळा चुकीचा, आणि चुकला की म्हणायची, “तुझ्या बाबांनी पाटी हलवलीय.” मला त्या गाडीत पुन्हा झोपावंसं वाटायचं, मागे, गोधडीत, पण गाडी मीच चालवत होते.

मिठाच्या मैदानाला लागायच्या आधी एक शेवटचं वळण आहे. झुडपं अचानक संपतात, एक दगडांची रास दिसते, आणि पलीकडे सगळं पांढरं. रा मोडिसेंची जीप आरशात दिसेपर्यंत ऊम डॉल्फ राशीपाशी थांबले, आम्ही दिसेपर्यंत रा मोडिसे थांबले, मग दोघंही त्या पांढऱ्यात गेले आणि मुंग्यांएवढे झाले. मी वळण घेतलं. आई खिडकीची काच खाली करून बसली होती, डबा मांडीवर.

“मम्मी, थांब ना,” मागून मिन्का म्हणाली. ती सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत होती.

“का गं? शू लागली?”

“वळण आलं. वळणावर थांबायचं असतं.”

“पुढचे गेले, राणी. आपण शेवटचे. आपल्या मागे कुणी नाहीये.”

“आहे की. ओपा मागे राहिलेत. तूच म्हणाली होतीस.”

माझा पाय ब्रेकवर गेला. हत्तीण थांबली, आमची धूळ मागून आली, आमच्यावरून गेली आणि हळूहळू खाली बसली. आरशात रिकामा रस्ता होता. आईनं डब्यावरचा हात काढला नाही.

मिन्कानं काचेला नाक टेकवलं.

“ते दिसेपर्यंत थांबायचं असतं ना?” ती म्हणाली. “मग तेव्हा आपण का नाही थांबलो?”